उन्हातले दाखले

शुभवर्तमानात येशू बराचसा घराबाहेर भेटतो. रस्त्यावर, होडीत, शेताच्या बांधावर, विहिरीच्या कठड्याशी. सभास्थानात आणि मंदिरातही तो बोलतो. पण लोकांच्या तोंडी राहिले ते त्याचे उघड्यावरचे बोलणे, आणि त्यातले पुष्कळसे उन्हातले. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो याकोबाच्या विहिरीपाशी दमून बसतो तेव्हा भर दुपार आहे. शिष्य खायचे आणायला गावात गेलेले. विहीर खोल, याच्याकडे पोहरा नाही. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते, तिच्याकडे तो पाणी मागतो आणि बोलणे सुरू होते. इतके लांब, इतके मोकळे संभाषण येशूने क्वचितच कोणाशी केले असेल. शेवटी ती बाई आपली घागर तिथेच ठेवते आणि गावात जाते.

या बाईवर मी पुष्कळ उपदेश ऐकले. जवळजवळ प्रत्येकात सांगितले जाते की ती बदनाम होती, म्हणून चारचौघींची नजर चुकवून दुपारची आली. शास्त्रात असे कुठेही लिहिलेले नाही. तिचे पाच नवरे लिहिले आहेत, दुपारची वेळ लिहिली आहे. दोहोंची गाठ आपण मारली. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखे कोसळते आणि मार्च उलटला की विहिरींचा तळ दिसू लागतो. तिथल्या पाड्यावर पाण्याला कधी जायचे हे लाज ठरवत नाही, पाझर ठरवतो. खाली चार हंडे भरतील एवढे साठले की जायचे, मग दुपार असो की मध्यरात्र. अशा पाण्याच्या खेपा घातलेल्या बायकांपुढे ही गोष्ट वाचली तर त्यांचा पहिला प्रश्न पाच नवऱ्यांचा नसतो. घागर तिथेच राहिली, मग घरी पाणी नेले कोणी, असे त्या विचारतात.

प्रश्न भाबडा वाटेल. मला तो मोठमोठ्या टीकाग्रंथांइतका मोलाचा वाटतो, कारण भर उन्हात भरलेली किंवा भरायला आणलेली घागर सोडून जाणे म्हणजे काय, हे त्या प्रश्नाला ठाऊक आहे. श्रद्धेची किंमत तिथे हंड्यात मोजली जाते.

हे पुस्तक अशा प्रश्नांमधून जमत गेले. ईस्टरनंतरच्या आठवड्यांपासून पहिल्या पावसापर्यंतच्या दिवसांत, सुट्टीच्या वाचनासाठी आणि आमच्या लहानशा अभ्यासगटासाठी केलेली ही टिपणे. काही उन्हाळ्यातल्या वस्तूंवर आणि माणसांवर आहेत, काही पुस्तकांवर, काही चित्रपटांवर. सगळ्यांत शोध मात्र एकच : रोजच्या जगण्यात ख्रिस्ती विश्वासाचे काही शिकायला मिळते का, आणि मिळते तर ते नेमके कसे मिळते. दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. ही प्रस्तावना लांबली ती त्याच्यामुळे.

उन्हाळाच का, तेही सांगतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्ये कधीही येतो. म्हणजे आपल्याकडे उपवासकाळाची सुरुवात थंडी सरताना होते, झावळ्यांचा रविवार आणि उत्तम शुक्रवार तापलेल्या उन्हात पडतात आणि पुनरुत्थानाचा सण झाला की लगेच शाळांच्या परीक्षा, गावाकडे जाणे, लग्नसराई. देवळातली उपस्थिती रोडावते. पाळकसाहेबांचे उपदेशही, खरे सांगायचे तर, थोडे आखूड होतात. कॅथलिक घरांमध्ये मे हा मरीयामातेचा महिना. वसईपासून मुंबईच्या जुन्या गावठाणांपर्यंत क्रूसापाशी संध्याकाळी शेजारीपाजारी जमून जपमाळ म्हणतात. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मे म्हणजे व्हीबीएस, सुट्टीतली बायबल शाळा. हातवारे करून गायची गाणी, रंगीत कागद, पाठ करायचे सुवर्णवचन आणि शेवटच्या दिवशी सरबत. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १८९८ साली एलायझा हॉज या बाईंनी रस्त्यावर हुंदडणाऱ्या मुलांसाठी असा वर्ग भरवला, तेव्हा जागा म्हणून भाड्याने घेतला होता बिअरचा गुत्ता. आपल्या किती पंच मंडळींना हे माहीत आहे, कोण जाणे.

मग पेन्टेकॉस्ट येतो. तो सण १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान असतो आणि त्यानंतर कॅथलिक पंचांगात सामान्य काळ पुन्हा सुरू होतो. त्याचा रंग हिरवा. युरोपात हा हिरवा रंग उन्हाळ्याचा. कोकणात आणि वसईत धर्मगुरू हिरवा झगा चढवू लागतात त्या सुमारास बाहेर बांधांवर गवत फुटत असते. हे कोणी ठरवून केलेले नाही. पण रोमने आखलेल्या पंचांगात आपला जून असा बेमालूम बसतो, याची मला दरवर्षी गंमत वाटते.

आता ते ‘कसे’. जे दिसेल त्यातून धडा पिळून काढायची आपल्याला सवय आहे. आंबा दिसला की आत्म्याचे फळ, टँकर दिसला की जीवनाचे पाणी, वीज गेली की जगाचा प्रकाश. उपदेश तयार. आंबा मात्र कोणी पाहिलेला नसतो. ही खोड आजची नाही आणि मोठमोठ्यांनाही ती होती. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा संत ऑगस्टीनने लावलेला अर्थ घ्या. त्याच्या मते लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तमंडळी आणि तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल. बुद्धीचा खेळ म्हणून हे अजोड आहे. पण एवढे सगळे जुळवून झाल्यावर रस्त्यात रक्ताने माखून पडलेला माणूस कुठे गेला? येशूने तो दाखला सांगितला तो एका शास्त्र्याने माझा शेजारी कोण असे विचारल्यावर. ऑगस्टीनच्या उत्तरात शेजारी उरतच नाही. अखेर १८८८ च्या सुमारास आडोल्फ युलिशर या जर्मन अभ्यासकाने दाखल्यांना अशी रूपके चिकटवण्यावर कडाडून हल्ला चढवला आणि १९३५ मध्ये सी. एच. डॉड यांनी दाखला हा निसर्गातून किंवा साध्या जगण्यातून उचललेला, ऐकणाऱ्याला अस्वस्थ करून विचाराला लावणारा असतो, असे मांडले. पुढच्या अभ्यासकांनी या दोघांच्याही चुका काढल्या, त्या वादात इथे शिरत नाही. मला त्यांच्याकडून एवढेच घ्यायचे आहे की आधी गोष्ट नीट पाहावी. बोध तिच्या पायाने यायचा असेल तर येईल.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला हे याचे सर्वांत चांगले उदाहरण, आणि आमच्या गटात सर्वांत जास्त भांडणे ज्यावर झाली तो हाच. मळ्याचा धनी पहाटे बाहेर पडतो, बाजारात उभे असलेले मजूर एका दिनाराच्या बोलीने कामाला लावतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. पाचला जातो तेव्हाही काही माणसे उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच दिनार मिळतो आणि दिवसभर ऊन सोसलेले कुरकुरतात.

हा दाखला ज्याला समजून घ्यायचा असेल त्याने सकाळी ठाण्याच्या, नाशिकच्या, पुण्याच्या कुठल्याही कामगार नाक्यावर जावे. थापी, पाटी, रंगाचे ब्रश घेऊन माणसे उभी असतात. मुकादम येतो, बोटाने दोघातिघांना निवडतो. आधी धडधाकट उचलले जातात. दहा-साडेदहाला नाका ओसरतो, उरलेले डबा न उघडता घरी परततात. आता विचार करा, संध्याकाळी पाच वाजता नाक्यावर कोण उभा असेल? म्हातारा, लंगडा, ज्याच्या नावावर कसली तरी कुरबूर आहे तो. किंवा रिकाम्या हाताने घरी जायची ज्याची हिंमत होत नाही तो. दाखल्यातली पाचची माणसे आळशी होती असे जे सांगतात त्यांनी नाका पाहिलेला नसतो. आणि पाचवाल्याच्या घरी लागणारे पीठ सकाळच्या मजुराच्या घरी लागते तेवढेच असते. दिनार ही एका दिवसाची मजुरी होती, म्हणजे एका घराची एका दिवसाची चूल.

एवढे पटले तरी भांडण मिटत नाही, आणि मिटू नये. बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात गावी परततात, नेमके गावातले पाणी आटलेले असते तेव्हा. त्यांच्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांच्या नावावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस जरी पडला, बाईला ताप आला म्हणून का असेना, तरी खाडा धरला जातो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो. ज्याने ही पद्धत सोसली आहे त्याला दाखल्यातला धनी एकाच वेळी हवाहवासा आणि अविश्वसनीय वाटतो. खाडा न धरणारा मालक? शिवाय सकाळपासून राबलेल्यांची तक्रारही त्याला कळते, कारण त्या उन्हाचे वजन त्याला ठाऊक आहे. दाखल्यात धनी त्यांना उत्तर देतो, पण त्यांचे समाधान झाले असे मत्तय लिहीत नाही. त्या मजुरांना घाईघाईने देवाच्या कृपेचे धडे देऊन गप्प बसवणारा उपदेशक मला धन्यापेक्षा मुकादमाच्या जवळचा वाटतो.

या दाखल्याचा पुढचा प्रवास आपल्या दाराशी येऊन थांबतो. जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने १८६० मध्ये अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले, त्यांच्या पुस्तकाला नाव दिले ‘अन्टू धिस लास्ट’. ते याच दाखल्यातून, त्या शेवटच्या मजुराला उद्देशून धनी जे म्हणतो त्यातून घेतलेले. निबंधांवर इतका गहजब झाला की ते छापणाऱ्या मासिकाला ते आवरते घ्यावे लागले. १९०४ मध्ये हेन्री पोलाक या मित्राने ते पुस्तक जोहान्सबर्गहून डर्बनला निघालेल्या गांधींच्या हाती दिले. रात्रभर गाडीत गांधी झोपले नाहीत. पुढे फिनिक्सची वसाहत झाली, १९०८ मध्ये त्यांनी पुस्तकाचे सार गुजरातीत ‘सर्वोदय’ नावाने दिले आणि विनोबांनी १९५१ मध्ये भूदानासाठी पायी चालायला सुरुवात केली ती याच विचाराच्या वाटेवर. संध्याकाळी पाच वाजता बाजारात उभ्या राहिलेल्या कोणा बेकार मजुराची गोष्ट अशी मत्तयापासून विनोबांच्या पवनारपर्यंत आली. वाटेत ती ख्रिस्ती राहिली की नाही, याची चौकशी मी करत नाही. ही वाट जी चालली ती गोष्ट होती. तिच्या खाली लिहिलेला बोध चालला असता असे मला वाटत नाही.

सावलीवरही एक लेख आहे, तो योनावर. योनाचे नाव काढले की सगळे माशापाशी थांबतात. पुस्तकाचा चौथा अध्याय मात्र भर उन्हातला आहे. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने त्यांना क्षमा केली आणि योना चिडून शहराबाहेर मांडव घालून बसला. देवाने एक वेल उगवली, योनाला सावली झाली आणि त्या पुस्तकात योना खऱ्या अर्थाने खूश झालेला दिसतो तो एवढ्याच ठिकाणी. दुसऱ्या दिवशी किड्याने वेल खाल्ली, पूर्वेचा गरम वारा सुटला, डोक्यावर ऊन आले, आणि हा मरण मागू लागला. लोडशेडिंगच्या दिवसांत दुपारी दोनला पंखा बंद पडल्यावर आपण जे बोलतो ते आठवले की योना फार लांबचा वाटत नाही. शेवटी देव त्याला विचारतो की तू एका वेलीसाठी हळहळतोस, मग मी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांच्या या शहरासाठी, आणि तिथल्या इतक्या गुराढोरांसाठी, हळहळू नको का? पुस्तक तिथेच संपते. योना काय म्हणाला हे लिहिलेले नाही. गुरांचा उल्लेख शेवटी का, यावर आमच्या गटात एका शेतकऱ्याने चारा छावण्यांचा विषय काढला आणि त्या दिवशीची चर्चा शास्त्राकडे परत आलीच नाही. टिपणात मी तसे प्रामाणिकपणे लिहिले आहे.

एका ठिकाणी मात्र वाचकाने सावध राहावे. आपला उन्हाळा आणि पॅलेस्टाइनचा उन्हाळा एक नाही. तिथे पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल पडतो. मे ते सप्टेंबर आभाळ कोरडे. गव्हाची कापणी उन्हाळ्याच्या तोंडाशी, द्राक्षे उन्हाळा उतरताना. आपल्याकडे उन्हाळ्याच्या पोटात पाऊस असतो. त्यामुळे एलीयाची गोष्ट वाचताना आपण नकळत जूनमध्ये जातो. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर तो कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत डोके घालून बसतो, चाकराला समुद्राकडे पाहायला पाठवतो, आणि सातव्या खेपेला चाकर माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसल्याचे सांगतो. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून. त्याआधीचे ते आठ-पंधरा दिवस पश्चिमेकडे पाहत काढलेल्या माणसाला हा ढग कोणी समजावून सांगावा लागत नाही. तरीही एलीयाचा ढग ठरलेल्या तारखेचा नव्हता, आपला बहुधा असतो, आणि वाट पाहण्याच्या या दोन जाती एकमेकींत मिसळल्या तर कथेतली धास्ती निघून जाते. समुद्र मात्र दोन्हीकडे पश्चिमेलाच आहे, एवढे आपले भाग्य.

वसईकडचा एक लेख सुकेळीवर आहे. आगाशी परिसरात राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, रोज मांडायची, संध्याकाळी गोळा करायची, असे काही दिवस. साखर नाही, मीठ नाही. ऊन आणि राबणूक. त्यात मी कसलाही दाखला शोधलेला नाही. काही गोष्टी नुसत्या लिहून ठेवाव्यात. ज्यांनी त्या केळीच्या बागा राखल्या, पाणी आणि माती राखण्यासाठी हरित वसईचे आंदोलन उभे केले त्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हे मात्र नोंदवायलाच हवे. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते सर्वांना माहीत झाले. झाडांसाठी रस्त्यावर उतरणे हे त्यांच्या धर्मगुरुपणाचाच भाग होते. २०२४ च्या जुलैत ते गेले.

पुस्तकांच्या भागाबद्दल थोडे. मराठी मातीत शुभवर्तमान आणायचा पहिला मोठा खटाटोप फादर स्टीफन्स यांचा. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले, ओव्या सुमारे अकरा हजार. त्यावर उत्तम अभ्यास झाले आहेत, म्हणून मी इथे फक्त नमस्कार करून पुढे गेलो आहे. रेंगाळलो आहे ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’पाशी. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांतला विरह, सोवळे, हट्ट आणि हळूहळू आपल्याच डोक्याने विचार करून जातीची भिंत उतरवणे हे सारे त्या अशा रीतीने सांगतात की वाचणारा हसत असतो आणि हसता हसता कधी गंभीर झाला ते त्याला कळत नाही. ख्रिस्ती सिद्धांताची चर्चा त्या पुस्तकात शोधून सापडावी इतकी थोडी. घर आहे, पाहुणे आहेत, हरवलेले पैसे आहेत, दुष्काळाने पोरकी केलेली मुले आहेत. १९३४ ते १९३६ या काळात ते भागाभागांनी पुस्तकरूपाने आले. मराठीत ख्रिस्ती विश्वासावर त्याहून चांगले पुस्तक झालेले नाही, असे माझे मत आहे, आणि पंडित मंडळींनी रागवायचे असेल तर रागवावे.

‘श्यामची आई’ या यादीत का, असे काहींनी विचारले. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिले. रोजच्या लहानसहान प्रसंगातून शिकवणे ही रीत मराठी घरांना, ख्रिस्ती घरांनाही, त्या पुस्तकाने लावली. तळपाय मळू नयेत म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाला आई मनाबद्दल जे सांगते ते आमच्या संडे स्कूलमध्ये अनेकदा येशूच्या नावाने सांगितले गेले आहे. ही उचलेगिरी मला आवडत नाही. श्यामची आई कोकणातल्या हिंदू घरातली बाई आहे, तिला बाप्तिस्मा देण्याचे कारण नाही. तिच्याकडून शिकावे आणि शिकलो तिच्याकडून, असे म्हणावे.

उलट दिशेचा व्यवहारही झाला आहे, आणि त्याच्यामुळे तर भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट घडला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी लिहिले की पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना त्यांच्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. ३ मे १९१३ रोजी, भर उन्हाळ्यात, ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशनमध्ये लागला. तो ख्रिस्तपट बनवणाऱ्याने फाळक्यांना हा धडा द्यायचे ठरवले नव्हते. त्याने गोष्ट दाखवली. पाहणाऱ्याने आपल्याला हवे ते त्यात पाहिले.

१९९५ मध्ये चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली. त्यात नास्तिक, मार्क्सवादी पासोलिनीचा मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा चित्रपट आहे, हे त्या यादीचे मोठेपण. सत्यजित राय यांचा एकही नाही, हे तिचे तोकडेपण. या पुस्तकातले दोन चित्रपट मी त्या यादीतून घेतले.

एक आंद्रेई तारकोव्हस्कीचा ‘आंद्रेई रुब्लेव्ह’. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम मम्रेच्या झाडांखाली उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसलेला असतो, तीन अनोळखी पाहुणे येतात, तो पाय धुवायला पाणी आणि झाडाची सावली देऊ करतो. रुब्लेव्ह या रशियन चित्रकाराने पंधराव्या शतकात त्या तिघांना त्रैक्याच्या रूपात रंगवले. अब्राहाम आणि सारा चित्रातून वगळले. मेजाची आपल्याकडची बाजू मोकळी ठेवली. चित्रपटात मात्र हे चित्र अगदी शेवटी, कृष्णधवल पट एकदम रंगीत होतो तेव्हा येते. त्याआधी एका घंटेची गोष्ट आहे. साथीने घर ओस पडलेला एक पोरगा सांगतो, घंटा ओतायचे गुपित माझ्या बापाने मरताना मला दिले. राजाची माणसे त्याच्यावर विसंबतात. तो माती शोधतो, माणसांवर ओरडतो, भट्टी पेटवतो. घंटा वाजते. मग चिखलात पडून तो रडतो की बापाने त्याला काहीच सांगितले नव्हते. कित्येक वर्षे मौन धरून बसलेला रुब्लेव्ह त्याला जवळ घेतो आणि बोलतो. विश्वास म्हणजे काय, हे सांगणारा याहून चांगला प्रसंग मी पडद्यावर पाहिलेला नाही, आणि त्यात एक पोरगा धडधडीत खोटे बोलतो. संडे स्कूलला हे कसे सांगायचे, हा पेच मला सुटलेला नाही.

दुसरा ‘बाबेत्स फीस्ट’, डेन्मार्कचा, १९८७ चा. कॅरन ब्लिक्सनच्या कथेवरचा. समुद्राकाठच्या थंड, करड्या खेड्यात एका कर्मठ पाळकाच्या दोन मुली आणि त्याचे म्हातारे झालेले अनुयायी. पॅरिसच्या दंगलीतून पळून आलेली बाबेत त्यांच्याकडे स्वयंपाक करते. तिला लॉटरीत दहा हजार फ्रँक लागतात आणि ती ते सगळे एका जेवणावर उधळते. भक्त मंडळींनी आधीच ठरवलेले असते की अन्नाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. जेवता जेवता जुनी भांडणे मात्र विरघळत जातात. आमच्याकडच्या प्रीतिभोजनात याच्या उलट होते. तिथे अन्नाबद्दल भरपूर बोलले जाते, कोणाच्या पानात किती फोडी पडल्या हेही, आणि भांडण नवे सुरू होते. पण कृपा जिभेवाटेही येऊ शकते, हे साध्या राहणीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मंडळ्यांना कोणी तरी दाखवायला हवे होते. ते या फ्रेंच स्वयंपाकिणीने दाखवले.

मराठीतले दोन चित्रपट घेताना हात आखडला. ‘श्वास’ला २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, मराठीला पन्नास वर्षांनी, ‘श्यामची आई’नंतर थेट. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याचे डोळे जाणार, हे कळल्यावर आजोबा शस्त्रक्रियेआधी त्याला इस्पितळातून बाहेर घेऊन जातो, जग दाखवायला. मत्तयात डोळ्याबद्दल एक कठोर वचन आहे, ते इथे चिकटवायचा मोह एखाद्या उपदेशकाला होईल. कृपा करून चिकटवू नये. त्या पोराच्या डोळ्याने काहीही पाप केलेले नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’बद्दल तर मी टिपण लिहून पुन्हा पुन्हा खोडले. शेवटी त्यातल्या जब्या या पोराने भिरकावलेला दगड सरळ आपल्याकडे येतो. योहानाच्या आठव्या अध्यायातले दगड आठवणे सोपे आहे. पण तिथले दगड सोवळ्या हातांत होते, इथला डुकरामागे धावायला लावलेल्या मुलाच्या. मराठी ख्रिस्ती समाजातल्या बहुसंख्य घरांची मुळे ज्या वस्त्यांमध्ये आहेत त्या वस्त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. म्हणून त्या लेखात फक्त चित्रपटाची हकिगत आहे. पुढचे पान कोरे ठेवायला प्रकाशकांची परवानगी मागितली, ती त्यांनी कागदाचा भाव सांगून नाकारली.

हे पुस्तक व्हीबीएससाठी किंवा सुट्टीतल्या गटांसाठी वापरायचे असेल तर काही व्यवहाराच्या सूचना. लेख कोणत्याही क्रमाने वाचावेत. योनावरचा दुपारी वाचला तर बरा. ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ तीन तासांचा आहे आणि त्यातली हिंसा लहान मुलांना दाखवण्यासारखी नाही. मोठ्यांनाही तो दोन संध्याकाळी विभागून दाखवावा. द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरची चर्चा ठेवायची असेल तर गटात रोजंदारीवर काम करणारे कोणी तरी असेल असे पाहावे, आणि त्यांना शेवटी नव्हे, आधी बोलू द्यावे. ‘बाबेत्स फीस्ट’ जेवणाआधी अजिबात लावू नये.